सहअर्जदार

धुळ्याच्या शाखेत बदली झाली तेव्हा मी आईला सांगितलं की मला बढती मिळाली. कंपनीनं मलाही तसंच सांगितलं होतं. जळगावच्या शाखेत मी नुसते फोन घ्यायचे. धुळ्यात फोन घ्यायचे आणि समोर येऊन बसलेल्या माणसांशीही बोलायचं, एवढाच त्या बढतीचा अर्थ होता. पगार तोच राहिला. नशिराबादहून जळगावला रोज जाऊन-येऊन करता येत होतं. धुळ्यात मात्र खोली घ्यावी लागली, तीही गच्चीवरची, पत्र्याची. लोकांना स्वतःच्या घरासाठी कर्ज देणाऱ्या कंपनीत मी ग्राहक सेवेला होते, आणि माझ्या पगारावर माझ्याच कंपनीनं मला कर्ज दिलं नसतं. हे मी ग्राहकांना सांगत नसे.

नोकरीला लागताना नाशिकला आमचं प्रशिक्षण झालं होतं. चिडलेल्या माणसाशी कसं बोलायचं हे तिथे पाठ करून घेतलं. आधी म्हणायचं, ‘आपली अडचण मी समजू शकते.’ मग म्हणायचं, ‘आपला वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे.’ आणि शेवटी, ‘आणखी काही मदत करू शकते का?’ हे शेवटचं वाक्य काहीच मदत केली नसली तरी म्हणायचं होतं. फोनवर ही वाक्यं चालून जात. समोर माणूस बसला की पहिल्या वाक्यालाच तो विचारी, “कशी काय समजू शकता?” आणि याचं उत्तर प्रशिक्षणात नव्हतं.

मी सांगते आहे ती हकीकत एका फोनपासून सुरू झाली. सकाळी शाखा उघडून थोडाच वेळ झाला होता. फोनवर मध्यमवयीन माणसाचा आवाज होता, मागे कशावर तरी हातोडी पडत होती.

“माझ्या कर्जावरचं एक नाव कमी करायचंय,” तो म्हणाला.

“कोणाचं नाव, सर?”

“बायकोचं.”

नाव वाढवायला, कमी करायला कारण लिहावं लागतं. मी कारण विचारलं. तो थोडा थांबून म्हणाला, “लिहा, आता गरज नाही.”

मी तसं लिहिलं नाही. ‘ग्राहक पत्नीचे नाव कमी करू इच्छितात’ एवढीच नोंद टाकली आणि त्यांना शाखेत यायला सांगितलं.

दुपारी एक बाई आल्या. खांद्याला पर्स, हातात डब्याची पिशवी, साडीवर एसटीची धूळ. साक्रीकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होत्या आणि बसमधून उतरून थेट आमच्याकडे आल्या होत्या. खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “कर्जावरून एक नाव काढायचंय.”

“कोणाचं, मॅडम?”

“मिस्टरांचं.”

कर्जाचा नंबर त्यांना पाठ होता. मी तो टाकला आणि स्क्रीनवर माझीच सकाळची नोंद आली. मी स्क्रीन जराशी माझ्याकडे वळवून घेतली.

“तुमचं घरी याविषयी काही बोलणं झालंय का?” मी विचारलं.

“घरी बोलणं होत नाही,” बाई म्हणाल्या. “म्हणून तर इथे आले.”

मी म्हणाले, आपली अडचण मी समजू शकते. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की पुढची दोन वाक्यं मी गिळली.

त्यांचं प्रकरण मी आमच्या साहेबांपुढे ठेवलं. साहेब शाखेचे व्यवस्थापक, नंदुरबारकडचे, शांत माणूस. कुठलंही प्रकरण हेड ऑफिसला पाठवलं की ते सुटलं, असं ते मानत. पण हे पाठवता येत नव्हतं, कारण नियम स्पष्ट होता. प्लॉट नवऱ्याच्या नावावर, त्याला वडिलांकडून मिळालेला. कर्ज मिळालं ते बायकोच्या पगारावर, कारण नवऱ्याचं पाण्याच्या मोटारींच्या वाइंडिंगचं दुकान होतं आणि त्या दुकानाची कमाई कागदावर कधी आलीच नव्हती. म्हणजे बाईंचं नाव काढलं तर कर्ज उभं राहत नव्हतं आणि त्या नवऱ्याचं, म्हणजे भाऊंचं, नाव काढलं तर घर. दोघं मिळून सहअर्जदार होते, आणि कोणताही बदल करायचा तर दोघांनी एकत्र येऊन सह्या करायच्या होत्या.

“शनिवारी बोलवा दोघांना,” साहेब म्हणाले. “समोर बसले की माणसं शहाण्यासारखी वागतात.”

शनिवारी दोघं आले, वेगवेगळे. माझ्या टेबलापुढे दोन खुर्च्या होत्या. भाऊंनी आपली खुर्ची ओढून कूलरपाशी नेली. बाईंनी आपली भिंतीकडे सरकवली. मध्ये जी जागा राहिली तिच्यातून दुसरे ग्राहक जाऊ-येऊ लागले.

मी नियम समजावून सांगितला. भाऊंनी ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, “तिले सांगा, प्लॉट मना बापना शे.”

दुकानात, फोनवर ते साधी मराठी बोलत. राग आला की खान्देशीत शिरत. आमच्या नशिराबादकडची बोली वेगळी, पण भांडण समजायला अडचण येत नाही. मी बाईंकडे वळून म्हणाले, “भाऊ म्हणताहेत की प्लॉट त्यांच्या वडिलांचा आहे.”

“त्यांना सांगा,” बाई शुद्ध शाळेतल्या मराठीत म्हणाल्या, “प्लॉट वडिलांचा असेल. भिंती माझ्या पगारातून उभ्या राहिल्या आहेत.”

मी भाऊंकडे वळले. “ताई म्हणताहेत—”

“ऐकलं मी,” भाऊ म्हणाले. “तिले सांगा, भिंती काय हवामा उभ्या ऱ्हातीस?”

असं बराच वेळ चाललं. मी मान इकडून तिकडे फिरवत होते. तिघांनाही तिघांचं सगळं ऐकू येत होतं, समजत होतं, आणि तरीही प्रत्येक वाक्य माझ्यामार्फत जात होतं. मध्येच भाऊ बोलायचे थांबले आणि कूलरकडे कान लावून ऐकू लागले.

“याची मोटार जाणार,” ते मला म्हणाले. “आवाज येतोय ना? वाइंडिंग तापतंय.”

बाईंनी प्रथमच त्यांच्याकडे पाहिलं, आणि मला म्हणाल्या, “हे असं आहे.”

सह्या झाल्या नाहीत. सोमवारी कूलरची मोटार जळाली. भाऊंना कळवलं तर ते स्वतः येऊन ती घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी नवी वाइंडिंग करून बसवून गेले. पैसे घ्यायला तयार नव्हते. साहेब खूश झाले. “चांगला माणूस आहे,” ते म्हणाले. “यांचं का पटत नसेल?”

मला वाटलं होतं तेच बहुतेकांना वाटलं असतं. दारू असेल, मारहाण असेल, दुसरं कुणी असेल. पुढे एकदा बाई एकट्या आल्या होत्या. करासाठी व्याजाचा दाखला हवा होता. छपाईचं यंत्र अडलं म्हणून थांबल्या. खाली टपरीवरून चहा मागवला, आणि मी न विचारताच त्या सांगू लागल्या.

“तुम्हाला वाटत असेल, काहीतरी मोठं घडलं असणार. तसं काही नाही. ते पीत नाहीत, हात उचलत नाहीत. आम्ही घर बांधायला काढलं ना, तेव्हा रोज बोलायचो. रेती कुठून आणायची, गवंडी आज का आला नाही, स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या बाजूला. मी शाळेतून निघाले की बसमधून त्यांना फोन करायचे, टाइल्सचा रंग सांगायला. धुळं येईपर्यंत बोलणं चालायचं. मला वाटायचं, आपला संसार किती छान चाललाय.” त्यांनी कपाची कड पुसली. “मग घर झालं. वास्तुशांत झाली. दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो आणि दोघांनाही काही बोलायला सुचेना. मला वाटलं, दमलो असू. पण ते तसंच राहिलं.”

“मग?”

“मग काय. ते म्हणाले मीठ कमी आहे, मी म्हणाले दुकानाचे कपडे बाहेर काढत जा. त्याच्यावरून सुरू झालं. बोलायला काहीतरी पाहिजे ना.”

 प्रशिक्षणातलं कुठलंच वाक्य इथे बसत नव्हतं. छपाईचं यंत्र सुरू झालं, त्या दाखला घेऊन गेल्या.

तोवर ते दोघं एकाच घरात वेगवेगळे राहू लागले होते. बाई खाली. भाऊ वरच्या मजल्यावर, जिथे नुसत्या विटांच्या भिंती होत्या आणि गिलावा राहिला होता. जिना घराच्या आतूनच होता, त्यामुळे भाऊंना वर जायचं तर बाईंच्या बैठकीतून जावं लागे. येता-जाताना ते ‘निघालो’ असंही म्हणत नसत, अशी तक्रार बाईंनी माझ्याकडे नोंदवली. ती मालकिणीसारखी घरात बसते आणि मला चोरासारखं वर जावं लागतं, अशी भाऊंची. ग्राहक सेवेकडे आलेली तक्रार नोंदवायचीच असते. मी दोन्ही नोंदवल्या. प्रकार विचारला होता तिथे ‘मालमत्तेविषयी’ निवडलं.

एक गोष्ट मात्र कुणीही मान्य करावी अशी होती. त्यांचा हप्ता कधी चुकला नाही. बाईंच्या खात्यातून तो आपोआप जायचाच, पण घराचं कर्ज एकटीच्या पैशानं फिटतंय असं तिनं कुठे म्हणू नये म्हणून भाऊही शाखेत येऊन भरून जायचे. पावती नीट घडी करून खिशात ठेवायचे. शेजारच्या खिडकीत हप्ता थकलेले लोक उद्याची, परवाची वचनं देत असायचे आणि इकडे एकाच घराचा हप्ता दोनदा येत असायचा. भांडण जितकं वाढत गेलं तितकं कर्ज झपाट्यानं उतरत गेलं. आमच्या संगणकात त्यांच्या नावापुढे ‘उत्कृष्ट’ असा हिरवा शेरा येऊन बसला.

त्या शेऱ्यामुळेच पुढचं घडलं. हेड ऑफिसनं कळवलं की प्रत्येक शाखेनं एका समाधानी कुटुंबाचा त्यांच्या घरासमोर फोटो पाठवावा, त्याचे फलक छापायचे आहेत. नवरा-बायको दोघं अर्जदार असावेत, हप्ता कधी चुकलेला नसावा. साहेबांनी संगणकाला विचारलं. संगणकानं धुळे शाखेतून एकच कुटुंब काढून दिलं.

“साहेब, हे तर तेच,” मी म्हणाले.

“तेच कोण?”

“कूलरवाले. नाव काढायचंय म्हणणारे.”

साहेबांनी स्क्रीनवर कर्जाची नोंद उघडली. मग म्हणाले, “नाव निघालंय का अजून?”

“नाही.”

“मग कागदावर समाधानीच आहेत. विचारून बघा.”

मला खात्री होती की दोघंही नाही म्हणतील. आधी भाऊंना फोन केला. ते म्हणाले, फोटो-बिटो नको. मी सुटकेचा श्वास सोडणार इतक्यात त्यांनी विचारलं, “ती काय म्हणाली?” अजून विचारलं नाही, मी सांगितलं. “ती हो म्हणाली तर मला सांगा. एकटीचा नका काढू.” बाईंनीही नेमकं हेच विचारलं. घरासमोर ते एकटे उभे राहिले तर लोक म्हणतील घर त्यांचंच आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. अशा रीतीनं दोघांनीही एकमेकांना एकटं सोडायला नकार दिला आणि फोटो ठरला.

साक्री रोडला आत वळून एक नवी वसाहत होती, तिथे त्यांचं घर. फोटोग्राफरला घेऊन मी गेले तेव्हा फाटक उघडं होतं आणि आवारात पाइप पसरलेले होते. पाणी येण्याचा दिवस होता. आमच्याकडे पाण्याचा वार ठरलेला नसतो. ते आलं की हातातलं काम सोडायचं. बाईंनी फोटोसाठीची चांगली साडी नेसली होती, पदर खोचला होता, आणि त्या टाकीच्या तोंडाशी बसून होत्या. भाऊ इस्त्रीच्या शर्टात मोटारीपाशी उकिडवे होते.

“थांबा जरा,” भाऊ आम्हाला म्हणाले. “पाणी जाईल.”

आम्ही पायरीवर बसलो.  बाई म्हणाल्या, “भरत आली.” भाऊंनी नळी बदलली. “आता पिंप.” “लावलं.” “हळू, उडतंय.” “बघतोय.” मग नुसता मोटारीचा आवाज. एकदा नळी निसटली आणि बाईंची साडी भिजली.  भाऊंनी दोरीवरचा टॉवेल काढून त्यांच्याकडे टाकला. 

मी दोघांना इतकं नीट बोलताना पहिल्यांदाच पाहत होते आणि माझी गरज कुणालाच नव्हती.

फोटोग्राफर मात्र वैतागला होता. उन्हं चढत होती. शेवटी दोघं दाराच्या दोन बाजूंना उभे राहिले. “वहिनी, जरा आत या,” तो म्हणाला. वहिनी थोड्या आल्या. “दादा, खांद्यावर हात ठेवा.”

“ते नको,” दोघं एकदम म्हणाले, आणि एकदम म्हणाले म्हणून दोघांनाही हसू आलं. नेमका तोच फोटो निघाला.

फलक झाला तो खरोखर सुंदर झाला. ओली साडी फोटोत चकाकत होती. खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं: ‘स्वप्न दोघांचं, घर आपलं.’ एक फलक माझ्या टेबलामागच्या भिंतीवर लागला, दुसरे जळगावला लागले. आठवड्याभरात आईचा फोन आला. ती कामानं जळगावला गेली होती.

“तुझ्या कंपनीचा बोर्ड पाहिला,” ती म्हणाली. “काय शोभतात गं दोघं. बघ, असं असतं. तू उगाच प्रत्येक स्थळाला नाही म्हणतेस.”

“बरं,” मी म्हणाले.

“ओळखीचे आहेत का तुझ्या?”

“तोंडओळख आहे.”

इकडे त्या दोघांचे हाल झाले. बाईंच्या शाळेत सगळे त्यांना आदर्श जोडपं म्हणू लागले. कुणा पालकानं तर आपल्या भांडकुदळ मुलाला आणि सुनेला त्यांच्याकडे समजूत काढायला पाठवलं. भाऊंच्या दुकानात येणारे शेतकरी मोटार टाकताना म्हणायचे, “भाऊ, फोटो मस्त शे.” घटस्फोटासाठी गाठलेल्या वकिलानंही विचारलं, म्हणे, की हा फलक लागलेला असताना न्यायाधीशांना काय सांगायचं.

मग एका दुपारी दोघं शाखेत आले. या वेळी एकत्र, एका मोटारसायकलवरून. माझ्यासमोरच्या दोन्ही खुर्च्या होत्या तिथेच ठेवून बसले आणि त्यांनी एक अर्ज पुढे केला. आमचा फोटो ताबडतोब काढून टाकावा. अक्षर बाईंचं होतं. खाली दोघांच्या सह्या होत्या.

मी तो कागद हातात घेऊन किती तरी वेळ पाहत राहिले. ज्या दोन सह्यांसाठी मी इतके महिने झटले होते त्या इथे शेजारी-शेजारी होत्या, आमच्याविरुद्ध.

साहेबांनी त्यांना आत बोलावलं, सांगितलं की फलक वर्षभर राहतील असं संमतिपत्रात लिहिलं आहे.

“ते तुमचं झालं,” बाई म्हणाल्या. “आमचं ऐका.”

“बरोबर म्हणतेय ती,” भाऊ म्हणाले. त्यांनी ते थेट म्हटलं, मला मध्ये न घेता.

दोघांनी मिळून साहेबांना इतकं बोलून घेतलं की साहेबांनी नेहमीप्रमाणे प्रकरण हेड ऑफिसला पाठवलं. हेड ऑफिसनं धुळ्याचा फलक उतरवायला परवानगी दिली. जळगावचे तसेच राहिले. दोघं बाहेर पडल्यावर साहेब मला म्हणाले, “बघा, एकत्र आले की नाही? याला म्हणतात ग्राहक सेवा.”

मलाही क्षणभर वाटलं की आता सगळं सुरळीत होईल. झालं नाही. पुढे कोर्टातून त्यांचा संमतीनं घटस्फोट झाला. पण घर कुणालाच सोडायचं नव्हतं आणि कर्जाला घटस्फोट देता येत नव्हता. तेव्हा ते दोघं पुन्हा माझ्याकडे आले, आणि आता त्यांच्यात भांडण नव्हतं. बाहेरून एक लोखंडी जिना करायचा होता, म्हणजे भाऊंना खालच्या घरातून जावं लागणार नाही. वरचा गिलावाही राहिला होता. त्यासाठी आणखी थोडं कर्ज हवं होतं.

ते मिळायला काहीच अडचण नव्हती, शेरा हिरवाच होता. अर्जात कर्जाचं कारण विचारलं होतं. पर्यायांत नवरा-बायकोनं वेगळं राहण्यासाठी असं काही नव्हतं. मी ‘घराची सुधारणा’ निवडलं. सहअर्जदाराशी नातं विचारलं होतं तिथे मात्र अडलं. पती, पत्नी, वडील, आई, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी. पूर्वीचा पती, पूर्वीची पत्नी नव्हतं.

“काय लिहू?” मी विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. “शेजारी नाही का त्यात?” भाऊ म्हणाले.

नव्हतं. मी ‘इतर’ निवडलं. हप्ता एक महिना भाऊंकडून, एक महिना बाईंकडून, असं आम्ही तिघांनी बसून ठरवलं. त्यानंतर तो दोनदा कधी आला नाही.

जिना झाल्यावर काम पूर्ण झाल्याची पाहणी करायला मी गेले. जिना भक्कम होता, हिरवा रंग दिलेला. वर गिलावा झाला होता आणि खिडक्यांना जाळ्या बसल्या होत्या. मी खाली बाईंना भेटले. त्यांनी बसवलं, चहा केला, शाळेतल्या गमती सांगितल्या. मी निघाले तर भाऊ वरून जिन्यावर येऊन उभे राहिले.

“ताई, वर नाही येत का? पाहणी वरची करायचीये ना?”

मी वर गेले. त्यांनी गॅसवर पातेलं ठेवलंच होतं. आताच खाली घेतला, मी म्हणाले.

“तो तिच्याकडचा,” भाऊ म्हणाले. “हा इकडचा.”

मी बसले. चहा उकळत असताना त्यांनी फरशीवर टाच आपटली आणि जरा मोठ्यानं विचारलं, “साखर शे का थोडी?”

खालून आवाज आला, “जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवते.”

भाऊ साखर आणायला खाली गेले.